जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये नवे इंजिन बसवताना

एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये अलीकडचे फ्युएल इंजेक्शनचे (दाबाने इंधन फवारणारे) इंजिन बसवायचे असेल, तर पाना हाती घेण्यापूर्वी आरटीओची परवानगी घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार ती आवश्यक आहे.

जुन्या इंजिनात हवा आणि इंधन मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या इंधन पंपाचा दाब जेमतेम ०.२ ते ०.३ बार असतो, तर इंजेक्शनला सुमारे ३ बार लागतो. त्यामुळे पंपासोबत इंधनाच्या नळ्याही बदलाव्यात. वाढलेल्या ताकदीनुसार ब्रेकही सुधारावेत.

खरी कसोटी मात्र इंजिन थंड ठेवण्याची आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि वेचणीच्या दिवसांत कापसाने भरलेल्या बैलबंड्यांमधून उडणारी रुई, रस्त्यावरच्या धुळीसह, रेडिएटरच्या जाळीत घट्ट बसते, म्हणून जाड गाभ्याचा रेडिएटर आणि तापमानानुसार सुरू होणारा विजेचा पंखा बसवून जाळी दर आठवड्याला आतल्या बाजूने बाहेर हवा मारून साफ करावी. बोअरचे क्षारयुक्त पाणी तर, कितीही सोयीचे वाटले तरी, अजिबात भरू नये, कारण त्याचा थर आतल्या वाटा बुजवतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घ्यावे. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर इंजिन माउंटिंगचे (इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या आधारांचे) बोल्ट पुन्हा आवळावेत.