पिकअपला ऑइल कुठलं? आधी फेरी सांगा

"शेठ, जाडातलं द्या, उन्हाळा लागलाय." मार्च उजाडला की हे वाक्य माझ्या काउंटरवर दिवसातून चारदा तरी ऐकू येतं. नारायणगावात स्पेअर पार्टचं दुकान टाकून मला २२ वर्षं झाली. टोमॅटोच्या हंगामात समोरच्या रस्त्याला क्रेट भरलेल्या पिकअपची रांग लागते, आणि त्यातला एखादा तरी वाशीला निघता निघता दुकानात शिरून घाईघाईत कॅन मागतो. जाड म्हणजे भारी, पातळ म्हणजे हलकं, हा समज आपल्याकडे दुधावरून आलाय. ऑइलला तो लागू नाही.

मी उलट विचारतो, "गाडी कुठल्या सालची? फेरी कुठली? आणि पुस्तक कुठंय?" पुस्तक म्हणजे गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल. ते बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यात, इन्शुरन्सच्या कागदाखाली, प्लास्टिकसकट नवंकोरं असतं. त्यात ऑइलच्या पानावर एक पट्ट्यांचा तक्ता असतो: बाहेरचं तापमान किती आणि कुठली ग्रेड चालेल. हा लेख त्या तक्त्याऐवजी नाही, तो तक्ता वाचता यावा म्हणून आहे.

कॅनवर १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं. आपण 'पंधरा-चाळीस' म्हणतो. यातला डब्ल्यू वजनाचा नाही, हिवाळ्याचा. पंधरा हा आकडा थंडीतली वागणूक सांगतो आणि चाळीस हा इंजिन तापल्यावरची. ज्याने गुऱ्हाळावर काकवी पाहिलीय त्याला वेगळं समजावायला नको. कढईतून काढताना ती पाण्यासारखी पळते, सकाळी तीच काकवी चमच्याला सोडत नाही. साधारण १५डब्ल्यू-४० ऑइलचा दाटपणा ४० अंशांना ११० सेंटिस्टोकच्या (दाटपणा मोजायचं एकक) आसपास असतो, १०० अंशांना तो १४-१५ वर येतो. म्हणजे सातवा-आठवा हिस्सा. ऑइल पातळ होणारच. किती व्हावं, याची हद्द दुसरा आकडा ठरवतो. चाळीस ग्रेड म्हणजे १०० अंशांना १२.५ ते १६.३ च्या मध्ये.

एकदा गिऱ्हाइकांना पटावं म्हणून शेजारच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजमध्ये तीन बाटल्या रात्रभर ठेवल्या. उणे १८. (त्याने नंतर आठवडाभर मला कुल्फी दिली नाही.) सकाळी तिन्ही आडव्या केल्या. ५डब्ल्यू-३० लगेच निघालं. १५डब्ल्यू-४० जरा विचार करून ओघळायला लागलं. २०डब्ल्यू-५० बाटलीच्या मानेशी येईपर्यंत आम्ही चहा सांगितला. तिन्ही बाटल्या नंतर उन्हात ठेवल्या, आणि दुपारी बघणाऱ्याला कुठली कोणती ते सांगता येईना. गाडी गरम झाल्यावर फरक डोळ्यांना दिसत नाही, थंडीतल्या पहिल्या मिनिटातच तो ठळक दिसतो.

आता आपली थंडी बघा. ओतूर-जुन्नरकडे डिसेंबरात पहाटे आठ-नऊ अंश. निफाडला पारा कधी कधी पाचच्याही खाली जातो. पंधरा डब्ल्यूची चाचणी कुठे होते? सेल्फवर इंजिन फिरतं का हे उणे २० ला बघतात आणि पंपाने ऑइल ओढलं जातं का हे उणे २५ ला. म्हणजे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गारठ्याला पंधरा पुरून उरतं. तरीही पहाटे चारला गाडी काढणाऱ्याला, मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर, मी ५ किंवा १० डब्ल्यूचं सिंथेटिक सुचवतो. कारण एकच, टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्याचा दांडा ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो, आणि गार ऑइल तिथपर्यंत पोचायला जितका उशीर तितकी झीज. सिंथेटिक परवडत नसेल तर चालू केल्यावर पाऊण-एक मिनिट गाडीला रेस देऊ नका. हा उपाय फुकट आहे, म्हणून कोणी करत नाही.

परगावचं हवामान मला फोनवरून कळतं. बहिणीचा मुलगा कॅनडात, कॅल्गरीला असतो. जानेवारीत तिकडे उणे ३० होतं. त्याची पिकअप पेट्रोलची आहे आणि तिच्या पुढच्या जाळीतून प्लगची वायर लोंबते. बहिणीला वाटलं गाडी चार्जिंगची घेतली. ती वायर इंजिन गरम ठेवायच्या हिटरची, रात्री घराच्या सॉकेटला लावायची. तिकडे ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यूच चालतं. आपलं पंधरा तिथे भरलं तर सेल्फ इंजिनला फिरवेलही एखादे वेळी, पण पंपाला ऑइल ओढता येणार नाही आणि बेअरिंग कोरडीच फिरतील. लेहला हिवाळ्यात माल नेणाऱ्यालाही हेच लागू, फक्त तिथे ऑइलच्या आधी डिझेल दगा देतं. त्यात मेण धरतं. म्हणूनच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहणारं वेगळं डिझेल आणलं.

उलट्या टोकाला आमच्या आळीतला एक जण मस्कतमध्ये पिकअप चालवतो. जून महिन्यात ४८ अंश. त्याच्या डिझेल गाडीत काय असतं? पंधरा-चाळीसच. माझं गिऱ्हाईक हे ऐकून थबकतं. ४८ ला चालतं तर चंद्रपूरच्या ४६ ला का चालणार नाही?

याचं कारण थर्मोस्टॅट. बाहेर वीस अंश असोत की पंचेचाळीस, तो इंजिनचं पाणी ऐंशी-नव्वदच्या घरात राखायला बघतो. ऑइलला बाहेरच्या उन्हापेक्षा वजन जास्त तापवतं. माळशेजचा चढ, मागे दीड टनाच्या जागी अडीच टन, आणि ड्रायव्हर दुसऱ्या गिअरवर पाय दाबून. अशा वेळी चेंबरमधलं, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीतलं, ऑइल ११०-१२० ला जातं, मग बाहेर धुकं का असेना. त्यामुळे दुसरा आकडा मी हवामानावरून कमी आणि लोडवरून जास्त ठरवतो. मॅन्युअल ३० आणि ४० दोन्ही देत असेल तर घाट आणि लोडवाल्याने ४० घ्यावं, गावात दूध फिरवणाऱ्याला ३० छान. मॅन्युअलमध्ये ५० नसेल तर ५० टाकू नका. जाड ऑइल पंपावर भार टाकतं, डिझेल खातं, आणि गार असताना उशिरा पोचतं. उन्हाळ्यात गाडी तापत असेल तर आधी रेडिएटरची जाळी धुवा. पाचट, धूळ, माशा काढा, फॅनचा पट्टा बघा. जाड ऑइलने रेडिएटरमधला चिखल निघत नाही. जुन्या, ऑइल खाणाऱ्या इंजिनला लोक वीस-पन्नास भरतात आणि धूर थोडा कमी होतो हेही खरं. पण ते दुखण्यावर शाल पांघरणं आहे, पिस्टनच्या रिंगा बदलायचा खर्च पुढे उभाच असतो.

आकड्यांवर इतकं बोलून आता खरी गोष्ट सांगतो. चूक बहुतेक वेळा आकड्यात होत नाही, अक्षरांत होते. कॅनच्या मागे एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा दर्जा) म्हणून बारीक छापलेलं असतं: सीएच-४, सीआय-४, सीके-४. सी ने सुरू झालं की डिझेलचं, एस ने सुरू झालं की पेट्रोल-सीएनजीचं. छोटा हत्ती सीएनजीचा असेल तर एसएन, एसपी असलं काही बघा. डिझेलमध्ये सीआय-४ हे २००२ चं, सीके-४ हे २०१६ च्या अखेरचं. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ हा धुराचा नवा नियम आला आणि बऱ्याच डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ नावाची काजळी गाळणारी जाळी आली. काजळी भरली की गाडी ती तापवून जाळते. पण ऑइलमधल्या क्षारांची राख जळत नाही. चुलीतली काजळी जळेल, राख कशी जळणार? म्हणून अशा गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं: सीके-४, किंवा मॅन्युअल सांगेल ते. आकडा तोच पंधरा-चाळीस असू शकतो, आतला माल वेगळा.

हे मला माहीत होतं आणि तरी माझ्याच घरात घडलं. मेव्हण्याची बीएस-६ पिकअप. त्याच्याकडे ट्रॅक्टरसाठी घेतलेला सीआय-४ चा बॅरल पडून होता, पंधरा-चाळीसच. "ग्रेड एकच आहे ना, दाजी?" मी गिऱ्हाइकाशी बोलत होतो, मान हलवली. सलग तीन वेळा त्याने तेच भरलं. फेऱ्याही शेतातून गावात, चार-पाच किलोमीटरच्या, म्हणजे जाळी स्वतःला साफ करायला पुरेशी तापायचीच नाही. दीड वर्षाने दिवा लागला, गाडी पॉवर घेईना, जाळी काढून साफ करावी लागली. दोष किती ऑइलचा आणि किती छोट्या फेऱ्यांचा, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण बिल आलं तेव्हा मेव्हणा माझ्याकडे बघत होता.

एफए-४ नावाचंही एक ऑइल बाहेरदेशी दिसतं. नवीन दिसतं म्हणून चांगलं समजू नका. ते मुद्दाम पातळ बनवलेलं आहे आणि जुन्या इंजिनांना चालत नाही.

ग्रेड ठरली की ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी (डिपस्टिक) वाचायला शिका. गाडी सपाटीला, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. पट्टी काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण घाला, मग वाचा. डिझेलचं ऑइल बदलून दोनशे किलोमीटरात काळं झालं म्हणून कोणाशी भांडू नका. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. भांडायचं असेल तर पातळी वाढली तर भांडा. ऑइल आपोआप वाढत नाही. बोटावर घेऊन वास घ्या. डिझेलचा वास आला तर समजा, डीपीएफची जाळी साफ होताना जादा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतंय. छोट्या फेऱ्यांत ही सफाई अर्धवट राहते, तेव्हा हे फार होतं. ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलं असेल तर गाडी चालवू नका. वाईट दिवस असला तर इंजिन तेच ऑइल जाळायला लागतं आणि चावी काढली तरी थांबत नाही.

पावसाळ्यात झाकणाखाली पिवळट साय दिसते. झाकणालाच असेल आणि गाडी छोट्या फेऱ्यांची असेल तर ती दवाची असते, एखादी लांब फेरी मारा, जाईल. पण पट्टीवरच दुधाळ कॉफी दिसली आणि रेडिएटरचं पाणी कमी झालं असेल तर गाडी जागेवर थांबवा, फिटरला बोलवा. ओढ्यात बोनेटपर्यंत बुडालेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही, हे दरवर्षी सांगतो. आधी इंजिनचं ऑइल, मग गिअरचं, मग मागच्या गोळ्याचंही (डिफरन्शियलचं) उघडून बघायचं. गिअरच्या कॅनवर ८०डब्ल्यू-९० बघून "हे तर फार जाड" म्हणू नका, त्या आकड्यांची मोजपट्टीच वेगळी आहे.

बदली किती किलोमीटरला? मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात, साध्या वापराचा आणि कठीण वापराचा. लोक पहिला वाचतात. धूळ, घाट, जादा लोड, आणि मार्केटच्या गेटवर रात्रभर इंजिन चालू ठेवून लागलेली रांग हे सगळं कठीण वापरात येतं. रांगेत उभ्या गाडीचा किलोमीटरचा काटा हलत नाही, ऑइल मात्र शिजत असतं. मराठवाड्याच्या कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्याने ऑइलआधी एअर फिल्टर बघावा, धुळीतल्या बारीक खड्यांनी इंजिन आतून घासून निघतं.

बदलताना गाडी जरा फिरवून आणा, कोमट ऑइल घाणीसकट निथळतं. बुचाचं वायसर नवं टाका, दहा-वीस रुपयांवरून चेंबरच्या आट्या घालवू नका. नव्या फिल्टरच्या रबराला बोटभर ऑइल लावा आणि हातानेच आवळा. भरताना मॅन्युअलमधल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, गाडी मिनिटभर चालवून बंद करा, थांबा, पट्टी बघत उरलेलं घाला. काळं ऑइल गटारात नको. सेंटरिंगवाले आणि भंगारवाले मागतात, पण अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्या.

आणि रिकामा कॅन तसाच फेकू नका. पुन्हा सील ठोकून भरलेला खोटा माल याच कॅनमधून फिरून येतो, माझ्या काउंटरवर असे दोन सापडलेत. झाकण तोडा, बुडाला खिळा मारा. बोनेटच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवून तारीख, किलोमीटर आणि कॅनवरची अक्षरं लिहून ठेवा, नुसता 'पंधरा-चाळीस' नाही.