आपल्या कारखान्याला इथेनॉल किती परवडतं, हिशोब असा मांडा

इथेनॉलला लिटरला ६५ रुपये मिळतात मग उसाला दर का नाही, हा प्रश्न दर हंगामात येतो. प्रश्न बरोबरच आहे, पण नुसत्या लिटरच्या भावावरून काही कळत नाही, हिशोब उसाच्या टनावर करायचा. वही पेन घ्या.

आधी कारखान्याचा उतारा. मी साडेअकरा टक्के धरतो, म्हणजे टनाला ११५ किलो साखर. आता या टनाचे तीन रस्ते. सगळी साखर काढून घेतली की शेवटी सी हेवी मळी (साखर निघाल्यावर राहणारा दाट काळा पाक) उरते, तिच्यातून साधारण १० लिटर इथेनॉल निघतं. बी हेवीत मळी एक टप्पा आधीच बाजूला काढतात, मग साखर १०० किलोच्या आसपास आणि इथेनॉल २० लिटर. रस किंवा सिरप (आटवलेला रस) थेट डिस्टिलरीला, म्हणजे इथेनॉल बनवणाऱ्या प्रकल्पाला दिलं तर साखर शून्य पण इथेनॉल ७० ते ८० लिटर, आपण ७५ धरू.

ऑइल कंपन्यांचे २०२४-२५ चे इथेनॉल खरेदी दर लिटरला सी हेवी ५७.९७, बी हेवी ६०.७३, रस ६५.६१ रुपये. आता गुणाकार. साखर ३४ रुपये किलो असेल तर सी हेवीच्या रस्त्याने टनाला ४४९०, बी हेवीने ४६१५ आणि रसाने ४९२० रुपये. साखर ४० ला गेली की तेच आकडे ५१८०, ५२१५ आणि ४९२० होतात, म्हणजे पहिला असलेला रस शेवटी जातो. साखर ३७ च्या वर गेली की रसापेक्षा बी हेवी बरी, आणि सी हेवी पुढे जायला साखर ४२ च्या वर लागते, म्हणून बहुतेक ठिकाणी बी हेवी हाच सुरक्षित मार्ग वाटतो मला. बी हेवी मळी टाकीत साठवून हंगाम संपल्यावरही डिस्टिलरी चालवता येते, रसाचं तसं नाही.

हा ३७ चा आकडा मात्र दगडावरची रेघ नाही. रसातून ७५ च्या जागी ८० लिटर निघाले तर टनाला ३२८ रुपये वाढतात आणि तो ४० च्या वर जातो. त्यामुळे आपल्या डिस्टिलरीचा खरा लिटरचा आकडा मागून घ्या, अंदाजावर जाऊ नका.

आता खर्चाची बाजू. २०२४-२५ ची एफआरपी (शेतकऱ्याला द्यायचा केंद्राने ठरवलेला किमान ऊसदर) १०.२५ उताऱ्याला ३४०० रुपये टन, वर प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.३२ रुपये, म्हणजे साडेअकराला ३८१५, यातूनच तोडणी वाहतूक कापून जाते. ४९२० मधून ३८१५ गेले की उरतात अकराशे, त्यात पगार, केमिकल, स्पेंटवॉशची (डिस्टिलरीच्या सांडपाण्याची) विल्हेवाट, डिस्टिलरीच्या कर्जाचं व्याज आणि हप्ते सगळं बसवायचं (बगॅस म्हणजे उसाचा चोथा आणि वीज विक्रीचे पैसे वेगळे येतात, ते नक्की विचारा). रसाच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ पासून ६५.६१ वरच होता आणि त्याच काळात एफआरपी ३०५० वरून ३४०० झाली, खरी अडचण इथे आहे.

तरी इथेनॉलचा एक फायदा या गुणाकारात दिसत नाही, तो म्हणजे रोकड. एफआरपी १४ दिवसात द्यायची असते, साखर गोदामात महिनोन्महिने पडून राहते आणि तिच्या तारणावरच्या कर्जाचं व्याज चालू असतं, ऑइल कंपन्यांचे पैसे मात्र साधारण तीन आठवड्यात येतात. धोकाही लक्षात ठेवा, डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रसापासून इथेनॉल ऐन हंगामात बंद केलं आणि आठवड्याभराने १७ लाख टन साखरेची मर्यादा घालून परत सुरू केलं, नुसत्या रसावर डिस्टिलरी उभारलेल्यांचं गणित तिथेच बिघडलं.

सभासद असाल तर वार्षिक सभेत दोनच गोष्टी लेखी मागा. टनाला प्रत्यक्ष किती लिटर इथेनॉल निघालं, आणि बी हेवी किंवा रसामुळे कमी झालेला उतारा वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या प्रमाणपत्राप्रमाणे एफआरपीत परत धरला का. साखर कमी काढली म्हणून उतारा कमी दाखवला आणि कमी झालेला भाग परत धरला नाही तर २०२४-२५ च्या दराने एक टक्क्याला टनामागे ३३२ रुपये आपल्याच बिलातून जातात.