गोधडी शिवायला शिकताय? आधी या चुका टाळा

गोधडी शिकायला येणाऱ्या बहुतेक जणी पहिल्याच दिवशी सुईत दोरा ओवून बसतात. घाई नडते ती इथंच. टाका वाकडा गेला तर तेवढाच उसवता येतो. न धुतलेलं कापड एकदा आत गेलं की अख्खी गोधडी उसवावी लागते, आणि ते कुणी करत नाही.

न धुता कापड वापरायची खोड सोलापुरात जरा जास्तच, कारण नळाला पाणी रोज येत नाही. लुगडी जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली असतात, पण अस्तराला दुकानातून कोरा मांजरपाट येतो. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं लुगडं आता आटायचं थांबलेलं असतं. मग वरचा थर सैल पडून चुण्या पडतात. शिवाय कोऱ्या कापडात खळ असते, सुई अडते, बोटं सोलवटतात.

रंगाचा घोळ याहून वाईट. आमच्या गल्लीतल्या एका मुलीनं आजीची ठेवणीतली इरकल आणि आजोबांचं पांढरं धोतर घेऊन गोधडी शिवली. हात सुरेख, टाके तांदळाएवढे. पण ठेवणीतलं लुगडं म्हणजे फार कमी वेळा पाण्यात गेलेलं. पहिल्याच धुण्यात पदराचा लाल रंग धोतरभर पसरला. ती ओली गोधडी तशीच घेऊन माझ्याकडे आली. पुन्हा पुन्हा धुऊन लाल डाग गुलाबी झाले, गेले नाहीत. आजोबांचं दुसरं धोतर घरात नव्हतं. पोरीचं तोंड बघवत नव्हतं.

म्हणून प्रत्येक गडद कापडाचा कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. रंग उतरला तर ते वेगळं धूत राहा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. पाणी येईल त्या दिवशी सगळी कापडं एकदम धुऊन ठेवायची मी सवयच लावून घेतली आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असतो, गच्चीवर बघता बघता वाळतात.

जुनी सोलापुरी चादर पोटात घालू नका. जकार्ड मागावरची ती जाड वीण हातसुईला दाद देत नाही, आणि भिजलेली गोधडी पिळायला दोघी लागतात. टॉवेलचे तुकडेही नकोत, आत पाणी धरून ठेवतात.

नायलॉनची साडी सुती कापडात मिसळू नका. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो.

आता कच्चे टाके, म्हणजे थर जागेवर धरायला आधी घालायचे आणि शेवटी काढून टाकायचे लांब टाके. हे टाळणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. आपल्याकडे कडेनं सुरुवात करून फेरे घालत आत जायची पद्धत आहे. प्रत्येक टाक्यासरशी वरचं कापड केसभर पुढं सरकतं. थर आधी बांधलेले नसतील तर ते सगळं जादा कापड मधे गोळा होतं आणि तिथं झोळ येतो. टाचण्यांवर भागवू नका, गोधडी मांडीवर घेतली की त्या गळतात. बाळासाठी शिवत असाल तर एक विसरलेली टाचणीही जिवावर बेतू शकते.

मी फरशी पुसून अस्तर अंथरते, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवते. प्रत्येक थर तळहातानं मधून कडेकडे सारत नेते. मग मधूनच बाहेर, चार-चार बोटांवर लांब टाक्यांच्या ओळी, वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं, म्हणजे शेवटी ओढून काढताना चटकन दिसतात. या कामात अख्खी दुपार जाते. जाऊ द्या.

झोळ आलाच असेल तर मधले दोन-तीन फेरे उसवून कापड ओढू नका, त्यानं झोळ फक्त बाजूला सरकतो. गोधडी सपाट पसरा, बोटानं चाचपत कापड कुठल्या फेऱ्यापासून सैल झालंय ते शोधा. मध्यापासून त्या फेऱ्यापर्यंतचे सगळे टाके उसवा, सैल भाग सारखा पसरून कच्चे टाके घाला आणि मगच पुन्हा शिवायला घ्या.