जोडीदाराच्या व्हिसावर अमेरिकेत वैमानिक: कागद, तास आणि पहिली नोकरी

डीजीसीएचं (भारताचं विमान वाहतूक खातं) सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, हातात आहे आणि जोडीदाराच्या नोकरीपायी अमेरिकेला जायचं आहे, तर एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. विमान उडवायची परवानगी एफएए (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) देतं, त्याचे पैसे घ्यायची परवानगी इमिग्रेशन खातं देतं, आणि एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही.

जोडीदार एल-१ वर (कंपनीने अमेरिकेत बदली केलेल्यांचा व्हिसा) असेल तर मार्ग सोपा आहे. नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ वरच्या (एल-१ धारकाच्या कुटुंबाचा व्हिसा) जोडीदाराला काम करायला वेगळं कार्ड लागत नाही. आय-९४ या प्रवेशाच्या दाखल्यावर ‘एल-२एस’ अशी नोंद पुरते. अमेरिकेत उतरल्यावर लगेच आय-९४ ऑनलाइन उघडून तो ‘एस’ पडला आहे ना, ते बघा.

एच-४ चं, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचं, तसं नाही. एच-१बी धारकाचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी मालकाने केलेला अर्ज) मंजूर झालेला हवा, किंवा ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू असल्यामुळे त्याचा एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढलेला हवा. मगच आय-७६५ हा अर्ज भरून ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, मागता येतं. त्यामुळे पहिली काही वर्षं बहुतेकांकडे ईएडी नसतं. त्या काळात शिकता येतं, परीक्षा देता येतात, लायसन्स काढता येतं. कमावता मात्र येत नाही. ‘पगार नाही, पण विमान फुकट उडवा, तास तुमचे’ असं कुणी म्हटलं तर स्पष्ट नकार द्या. असे फुकट तास एफएए मोबदलाच समजतं आणि इमिग्रेशनच्या दृष्टीने ते विनापरवाना काम ठरू शकतं. पुढे ग्रीन कार्डच्या वेळी हीच गोष्ट आडवी येते.

लायसन्सची सुरुवात एफएएच्या नियम ६१.७५ पासून होते. भारतीय लायसन्सच्या आधारावर एफएए प्रायव्हेट (पैसे न घेता उडवायचं) लायसन्स देतं. सीपीएलच्या बदल्यात सीपीएल मिळत नाही. पडताळणीचा अर्ज एफएएच्या ओक्लाहोमा सिटीतल्या कार्यालयाला जातो, तिथून डीजीसीएकडे विचारणा होते. यात दीड ते तीन महिने धरा. पडताळणीचं पत्र सहा महिनेच चालतं, म्हणून लायसन्स घ्यायची अपॉइंटमेंट लांबवू नका. हे लायसन्स भारतीय लायसन्सवर टेकलेलं असतं, तेव्हा मूळ लायसन्स चालू ठेवा आणि उडताना जवळ बाळगा.

इथे आपल्याकडच्या मुलींची हमखास अडचण होते ती नावाची. सीपीएलवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं आडनाव, व्हिसावर तिसरंच काही. डीजीसीएच्या नोंदीतलं नाव आणि अर्जातलं नाव जुळलं नाही की पडताळणी अडकते. भारत सोडण्याआधी ईजीसीए या डीजीसीएच्या पोर्टलवर नाव दुरुस्त करून घ्या. तिकडून हे काम फार रेंगाळतं.

६१.७५ च्या लायसन्सवरून पूर्ण एफएए कमर्शियलच्या परीक्षेला बसता येतं. खरी मेहनत आहे ती तासांची. भारतात सीपीएल २०० तासांवर मिळतं, अमेरिकेत २५० लागतात. पीआयसी, म्हणजे विमानाचा मुख्य वैमानिक, म्हणून क्रॉस कंट्री (एका विमानतळावरून दुसऱ्यावर उडणं) भारतात २० तास, अमेरिकेत ५०. शिवाय कमर्शियलसाठीच्या क्रॉस कंट्रीत निघालेल्या ठिकाणापासून सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांहून दूर उतरलेलं असावं लागतं. बारामती ते पुणे हे अंतर सरळ रेषेत ४४ नॉटिकल मैलांच्या आसपास आहे, म्हणजे ती फेरी यात धरता येत नाही. बारामती ते सोलापूर धरता येते. लॉगबुकातली एकेक ओळ अशी तपासा. तास दशांशात लिहायचे असतात: १:३० म्हणजे १.५, १.३ नव्हे. ही चूक शंभर ओळींत झाली की बेरीज कोलमडते आणि एक्झामिनर परीक्षा सुरूच करत नाही.

भारतातल्या इन्स्ट्रक्टरने तिथे दिलेलं प्रशिक्षण मोजलं जातं, पण परीक्षेला बसण्यासाठी सही एफएए सीएफआयचीच (एफएएचं विमान शिकवायचं लायसन्स असलेला इन्स्ट्रक्टर) लागते. इन्स्ट्रुमेंट (बाहेर न दिसता उपकरणांवर उडणं) किंवा मल्टी-इंजिनचं शिक्षण घ्यायचं असेल तर आधी टीएसएची (अमेरिकेची वाहतूक सुरक्षा यंत्रणा) सुरक्षा तपासणी करून घ्या. ती मंजूर झाल्याशिवाय शाळा शिकवायला सुरुवात करू शकत नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंगही चेकराइड (प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा) देऊन स्वतःचं काढा, भारतीय लायसन्सवर टेकवू नका. पुढे ते कामी येतं.

कारण पहिली नोकरी बहुधा एअरलाइनची नसते, सीएफआयची असते. एअरलाइनला लागणाऱ्या एटीपी लायसन्सला १,५०० तास, वय २३ आणि एटीपी-सीटीपी कोर्स लागतो: ३० तास वर्ग, १० तास सिम्युलेटर. भारतात ए-३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) असलेल्यांचे तास एकूण बेरजेत धरले जातात, पण २५० तास पीआयसीचे हवेत आणि तिथेच अनेकांचं गणित फसतं. कॅप्टनच्या देखरेखीखाली पीआयसीची कामं केली असतील तर ते तास चालतात. मात्र लॉगबुकात त्यांची वेगळी नोंद हवी. ज्यांच्याकडे ते नाहीत, त्यांनी सीएफआय होऊन शिकवणं हाच सगळ्यात भरवशाचा रस्ता, कारण शिकवताना पीआयसीचे तास आपल्या नावावर पडतात आणि पगारही मिळतो.

एअरलाइनच्या जाहिरातीत स्पॉन्सरशिपशिवाय काम करता येणं आणि देशाबाहेर विनाअडथळा ये-जा करता येणं, अशा दोन अटी असतात. ईएडी पहिली अट पुरी करतं, दुसरी नाही. ते प्रवासाचं कागदपत्र नाही. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर ते मुलाखतीआधीच सांगा.

ईएडीची तारीख मात्र सतत डोळ्यांसमोर ठेवा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही. कार्ड संपलं त्या दिवशी काम थांबतं. टाइप रेटिंगच्या (एका विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाच्या) मध्यात असं झालं तर जागाही जाते. अर्ज १८० दिवस आधीपासून भरता येतो. ती मुदत उघडताच भरा, आणि कोर्सची तारीख स्वीकारताना कार्डाची तारीख कंपनीला लेखी कळवा.