परदेशात कामाला जायचंय? देश ठरवण्याआधी होणाऱ्या या चुका टाळा

सांगलीकडच्या विटा-खानापूर भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशाच्या कानाकोपऱ्यात गेली. गावातलं कुणीतरी आधी तिथं असायचं, तो बोलावून घ्यायचा, दुकानात पाठ टेकायला जागा द्यायचा, आणि पोरगा कामाला लागायचा. ओळख पुरायची. कामाच्या व्हिसाला मात्र नेमकी हीच सवय नडते. ‘मेव्हणे कॅनडात आहेत म्हणून कॅनडा’, ‘मित्र जर्मनीला गेला म्हणून जर्मनी’ असा देश आधी ठरतो, मग त्या देशाला लागणारे कागद जमवायची धडपड सुरू होते. क्रम उलटा पाहिजे. तुमच्या कपाटातल्या फाइलीत जे आहे, त्यावरून देश ठरतो.

एक वर्षाचा ट्रेड आणि दोन वर्षांचा ट्रेड

हा फरक किती महागात पडतो ते जर्मनीच्या ‘चान्सेनकार्टे’वरून कळतं. जून २०२४ पासून सुरू झालेलं हे संधी कार्ड. हातात नोकरी नसताना जर्मनीत जाऊन १ वर्षापर्यंत काम शोधता येतं, त्या काळात आठवड्याला २० तास अर्धवेळ नोकरी करता येते. अट अशी की तुमच्या देशात सरकारमान्य असलेली पदवी हवी, किंवा किमान २ वर्षांचं सरकारमान्य व्यवसाय शिक्षण हवं. आता आपल्याकडच्या आयटीआयचं बघा. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड २ वर्षांचे. वेल्डर १ वर्षाचा. म्हणजे सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत एकाच शेडमध्ये शेजारी-शेजारी उभे राहणारे दोघं, त्यात वेल्डर कदाचित जास्त कसबी, पण या कार्डाच्या दारातून फिटर आत जाईल आणि वेल्डर बाहेर राहील. त्यात अन्याय आहे की नाही हा वेगळा विषय. सहा महिन्यांचा खासगी सीएनसी कोर्स तर इथं मोजलाच जात नाही, मग भिंतीवर फ्रेम कितीही मोठी असो.

मूळ अट बसली की गुण मोजायचे, किमान ६ लागतात. कुपवाडचाच एक फिटर धरा. वय ३३, गेल्या ७ वर्षांत ५ वर्षांचा त्याच कामाचा अनुभव. अनुभवाचे ३, पस्तिशीच्या आत असल्याचे २, जर्मन भाषा ए-२ पातळीची असेल तर १ (पातळ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत्या). झाले ६, काठावर पास. हाच माणूस ‘बघू पुढच्या वर्षी’ करत ३७ चा झाला की वयाचा एकच गुण उरतो आणि बेरीज ५ वर येते. आता त्याला जर्मन बी-१ करावी लागणार, त्याचे २ मिळतात. चाळिशी ओलांडली की वयाचा गुण नाहीच.

एवढं करून हातात येतं ते काम शोधण्याचं कार्ड. नोकरी त्यात नाही. ‘जर्मनीचा जॉब व्हिसा’ म्हणून कुणी हे कार्ड विकत असेल तर तिथून उठावं.

मग वेल्डरनं काय करायचं? जपानच्या ‘तोकुतेई गिनो’ (विशिष्ट कौशल्याचे कामगार) योजनेत शिक्षणाची अट नाही. वय १८ पूर्ण, त्या कामाची परीक्षा आणि जपानी भाषेची परीक्षा पास, एवढं लागतं. पहिल्या टप्प्याची मुदत एकूण ५ वर्षं, आणि त्यात बायकापोरांना नेता येत नाही. कुठल्या क्षेत्राची परीक्षा भारतात होते हे बघूनच क्लासची फी भरा.

कॅनडाबद्दल याच जातीचा एक गैरसमज आहे. ‘स्किल्ड ट्रेड्स’ नावाचा वर्ग आहे म्हटल्यावर आयटीआयवाले खूश होतात. त्या वर्गात कामाच्या २ वर्षांच्या अनुभवाशिवाय एकतर तिथल्या मालकाची किमान १ वर्षाच्या कामाची ऑफर लागते, नाहीतर तिथल्या एखाद्या प्रांतानं दिलेलं त्या ट्रेडचं प्रमाणपत्र. इथं बसून हे दोन्ही मिळवणं अवघड आहे, आणि हे फी भरल्यावर कळून उपयोग नाही.

पदवी सापडत नाही म्हणून घाबरणं

इंजिनिअर मंडळी जर्मनीच्या ‘अनाबिन’ या परदेशी विद्यापीठं-पदव्यांच्या यादीत कॉलेजचं नाव टाकतात, ते दिसत नाही, आणि आपली डिग्री तिकडं चालत नाही अशी समजूत करून घेतात. पदवी कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. सांगली-साताऱ्यातल्या बहुतेकांची पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असते, तेव्हा शोधायचं विद्यापीठाच्या नावानं. संस्थेपुढं ‘एच प्लस’ (म्हणजे मान्य संस्था) आहे का बघायचं आणि पदवीचा प्रकार जुळतो का तेही बघायचं. नसेलच जुळत तर जर्मनीचं ‘झेडएबी’ हे कार्यालय तुमच्या पदवीची तुलना करून लेखी देतं, फी २०८ युरो.

अनुभवाचा दाखला: सगळ्यात जास्त फाइली इथं अडतात

आपल्याकडच्या कारखान्यातला दाखला साधारण असा असतो: ‘अमुक हे आमच्याकडे २०१८ ते २०२३ या काळात कामास होते. त्यांची वर्तणूक चांगली होती. त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ खाली शिक्का आणि सहीच्या नावाखाली एक गिरकी. शुभेच्छांचा व्हिसा अधिकाऱ्याला उपयोग शून्य.

कॅनडाला लागणारा दाखला असा: लेटरहेडवर कंपनीचा पत्ता, फोन, ईमेल. रुजू झाल्याची आणि सोडल्याची पूर्ण तारीख, नुसतं साल नाही. पद. आठवड्याचे तास. वर्षाचा पगार. सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोज काय काम केलं ते चार-सहा ओळींत. ‘मशीन शॉपमध्ये काम’ एवढ्यानं भागत नाही. ड्रॉइंग वाचून जॉब सेट करणं, टूल ऑफसेट देणं, मायक्रोमीटर आणि बोअर गेजनं तपासणी, रिजेक्शनची नोंद ठेवणं, असं लिहा. कारण तिथं पदाचं नाव कुणी बघत नाही, कामं बघतात. ‘एनओसी’ (ना-हरकत दाखला नव्हे) या त्यांच्या व्यवसायांच्या यादीत तुमच्या कामाचा क्रमांक कामांच्या वर्णनावरून ठरतो. मालक प्रेमानं ‘प्रॉडक्शन मॅनेजर’ लिहून देतो, खाली वर्णन ऑपरेटरचं असतं, आणि फाइल तिथंच मरते. उलट टोकाची चूक म्हणजे त्या यादीतलं वर्णन शब्दशः उतरवून घेणं. तेही लगेच कळतं.

पगार हातात रोख मिळत असेल तर? लहान वर्कशॉपमध्ये हे सर्रास चालतं. पीएफ कापला जात असेल तर तुमच्या यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) खात्यावरची नोकऱ्यांची नोंद हा भक्कम पुरावा आहे, ती आजच काढून ठेवा. बँकेत पगार येत असेल तर स्टेटमेंट, फॉर्म १६, नेमणूक पत्र, पगारवाढीचं पत्र. यातलं काहीच नसेल तर निदान आजपासून मालकाला पगार खात्यावर टाकायला सांगा. एखादं वर्ष आणखी थांबावं लागेल, पण त्या वर्षाचा कागद खरा असेल.

कारखाना बंद पडलाय, किंवा मालकाशी भांडून सोडलंय, हे नेहमीचं दुखणं. अशा वेळी बोगस दाखला करून देणारे मिरज-साताऱ्यात सापडतात, त्यांच्या नादी लागू नका. दाखला का मिळत नाही याचं खुलासापत्र, सोबत पीएफची नोंद, पगाराच्या स्लिपा आणि तेव्हाच्या सुपरवायझरचं प्रतिज्ञापत्र, असा गठ्ठा जोडता येतो. अधिकारी तो मानेलच याची हमी नाही. पण खोटा दाखला पकडला गेला तर कॅनडा ५ वर्षं दार बंद करतो, ब्रिटन १०.

नाव आणि जन्मतारीख

दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि नाव अधिक वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात. अनुभवाच्या दाखल्यावर वडिलांचं नुसतं आद्याक्षर. दत्तात्रयच्या स्पेलिंगमध्ये एकीकडं दोन टी, एकीकडं एक. आपल्याला हे एकच माणूस आहे हे उघड दिसतं, परदेशातल्या अधिकाऱ्याला नाही. भाषेच्या परीक्षेचा फॉर्म डोळे झाकून पासपोर्टप्रमाणे भरा. मार्कशीटवरची चूक असेल तर बोर्डाचं विभागीय कार्यालय कोल्हापूरला आहे, शाळेमार्फत अर्ज जातो आणि वेळ लागतो. बाकीच्या किरकोळ फरकांना ‘ही दोन्ही नावं माझीच’ असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

लग्न झालेल्या मुलींची डिग्री माहेरच्या नावावर, आधार सासरच्या. पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. परदेशी जायचा विचार असेल तर डिग्रीचं नाव पासपोर्टवर राहू देणं सोपं पडतं, हे माझं मत. सासूबाईंना विवाह नोंदणीचा दाखला दाखवा म्हणजे झालं.

आणि ती १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली ही जन्मतारीख घेऊन निम्मा तालुका फिरतोय. ग्रामपंचायतीच्या नोंदीत खरी तारीख निघाली तर दोन कागद एकमेकांशी भांडतात. पासपोर्ट आणि जन्मदाखला आधी एका रेषेत आणा, मग फाइल उघडा.

पोलिसांच्या दाखल्याबद्दल एकच: पोलीस पाटलाचा वर्तणुकीचा दाखला चालत नाही, पासपोर्ट सेवा पोर्टलवरून अर्ज करून मिळणारं क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं. ते फार आधीही काढू नका, शिळं होतं.

भाषा

कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठी इंग्रजीची आयईएलटीएस ही परीक्षा ‘जनरल’ प्रकारची लागते, ‘अकॅडमिक’ नाही. दरवर्षी कुणीतरी चुकीची परीक्षा देऊन चांगले गुण आणतो. निकाल २ वर्षं चालतो. ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हीत (वाचणं, लिहिणं, बोलणं) ७ आले की कॅनडाच्या निवडीच्या गुणांत मोठी उडी बसते. ऐकण्यात साडेसात आले तर ती उडी हुकते, म्हणून अनेकांना त्या एका अर्ध्या गुणासाठी पुन्हा बसावं लागतं. जर्मनसाठी क्लासनं दिलेलं प्रमाणपत्र कामाचं नाही. ग्योथे, टेल्क यांसारख्या मान्य परीक्षांचं लागतं, आपल्याला जवळचं केंद्र पुण्याचं मॅक्सम्युलर भवन. मिरजेतल्या नर्सिंगच्या मुलींनी तर जर्मनीसाठी बी-२ धरूनच हिशोब मांडावा. नर्सिंग तिथं नियंत्रित पेशा आहे, मान्यता मिळाल्याशिवाय नर्स म्हणून पूर्ण काम नाही.

वयाचं कॅनडातही तेच. एकट्या अर्जदाराला २० ते २९ या वयाचे ११० गुण, ३५ ला ७७, ४० ला ५०, ४५ ला शून्य. भाषेची तयारी पुढं ढकलण्याची किंमत ही अशी मोजली जाते.

सातबारा म्हणजे शिल्लक नव्हे

चार एकर द्राक्षबाग आहे, पैशाला काय तोटा, असं वाटतं. पण निधीचा पुरावा म्हणून जमीन, घर, सोनं धरत नाहीत. खात्यावर वापरता येणारा पैसा लागतो. कॅनडा मागच्या ६ महिन्यांची सरासरी शिल्लक बघतो आणि कर्जाऊ पैसा मानत नाही. जर्मनीच्या संधी कार्डासाठी २०२५ सालचा हिशोब महिन्याला १,०९१ युरो होता, तो बहुधा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, वर्षभराचा आगाऊ भरतात. रक्कम बदलत असते, अर्जाच्या दिवशीची बघा.

अडचण येते ती एकदम आलेल्या रकमेची. ऊसबिल जमा झालं, बेदाण्याची पट्टी आली, आणि खात्यात एका दिवसात मोठा आकडा. पैसा कष्टाचा आहे, पण कागदावर तो संशयास्पद दिसतो. कारखान्याची बिलाची पावती, अडत्याची पट्टी, आणि वडिलांच्या नावावरचा पैसा तुमच्याकडे आला असेल तर बक्षीसपत्र, हे सोबत इंग्रजी भाषांतरासह लावा. पतसंस्थेतल्या ठेवी वेळेवर मोडून बँकेत आणा.

एजंटला काय विचारायचं

एक, नोंदणी. परदेशी मालकासाठी माणसं भरती करणाऱ्याला भारताच्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर नाव तपासता येतं, आणि त्यानं घ्यायच्या सेवा शुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. कॅनडाचा इमिग्रेशन सल्लागार असेल तर तिथल्या सल्लागारांच्या ‘कॉलेज’च्या (शिकवणारं नव्हे, परवाना देणारी संस्था) जाहीर यादीत त्याचं नाव असलं पाहिजे. यातलं काहीच नसलेला बोर्ड म्हणजे फक्त बोर्ड.

दोन, स्पॉन्सरशिपची किंमत. ब्रिटनमध्ये परदेशी कामगार बोलावण्याचा (स्पॉन्सर करण्याचा) परवाना असलेल्या मालकांची यादी सरकार जाहीर करतं, आणि स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटचा खर्च कामगाराच्या गळ्यात मारायला मालकाला बंदी आहे. शिवाय २२ जुलै २०२५ पासून परदेशातून केअर वर्कर (वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणारे) घेणं तिथं बंद झालंय, बाकी नोकऱ्यांसाठी मोजके अपवाद सोडले तर पदवीच्या पातळीचं काम आणि साधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो. आजही केअर वर्करचा व्हिसा देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला हे तोंडावर ऐकवा.

तीन, ‘टुरिस्ट व्हिसावर चला, तिकडं कामाच्या व्हिसात कन्व्हर्ट करू’. इथं चर्चा संपवा.

आधीचा नकार लपवणं

दुबईचा, अमेरिकेचा, शिक्षणासाठी केलेल्या अर्जाचा, कुठलाही नकार असो, फॉर्ममध्ये विचारलं की सांगायचा. नकारामुळं नवी फाइल आपोआप बाद होत नाही, लपवल्यामुळं होते. एजंटनं भरलेल्या फॉर्ममध्ये ‘नाही’ लिहिलं असेल तरी जबाबदारी सही करणाऱ्याची. म्हणून सबमिट करण्याआधी पूर्ण फॉर्मची प्रत मागून ओळ न्‌ ओळ वाचा, खात्याचा लॉगइन-पासवर्ड स्वतःकडे ठेवा, आणि आधीच्या प्रत्येक अर्जाचा देश, तारीख, प्रकार आणि नकाराचं कारण एका कागदावर लिहून त्याच फाइलीत लावा.