पंपावर तपासणी येण्याआधी फाईल नंतर, टाकी आधी

मे संपत आला की गोव्यातल्या पेट्रोल पंपवाल्यांच्या मागे दोन गोष्टी एकदम लागतात, पावसाची तयारी आणि तपासणीची धास्ती, आणि बहुतेक जण करतात काय तर कपाटातली फाईल काढून तिला नवीन कव्हर घालतात. कागद लागतातच, त्यांच्यावर येतो, पण आधी टाकी बघा.

जमिनीखालच्या टाकीवरच्या मॅनहोलचं झाकण उघडायचं. मे महिन्यात चेंबर कोरडं ठणठणीत हवं, तळाला ओल किंवा तेलाचा तवंग दिसला तर पुसून घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत बघा, परत ओलं म्हणजे गॅस्केट गेलंय नाहीतर पाईपचा जोड पाझरतोय. तेल कंपनीच्या सेल्स ऑफिसरला कळवायचं ते लेखी, फोनवरच्या 'बघतो हां' ला तपासणीत काडीची किंमत नाही. आणि ते तेलकट पाणी बादलीने उपसून गटारात ओतू नका प्लीज.

मग डिप, म्हणजे टाकीत रॉड बुडवून माल किती ते मोजणं. सकाळचा डिप पोरगा खरंच रॉड टाकून घेतो की कालच्या आकड्यातून विक्री वजा करून लिहितो ते एकदा स्वतः उभं राहून बघा, कारण रोज लिटरला लिटर जुळणारं रजिस्टर बघितलं की तपासणीवाल्याला लगेच वास येतो, खरं पेट्रोल एवढं कधी जुळतच नाही. उन्हातून आलेल्या टँकरमधला माल थंड टाकीत उतरला की आकसतो, १०,००० लिटरमागे एका डिग्रीला साधारण १० ते १२ लिटर, म्हणजे पाच डिग्रीत ५०-६० लिटर कुणीही न चोरता कमी दिसतात.

घट, म्हणजे हिशेबापेक्षा टाकीत कमी भरलेला माल, किती यापेक्षा ती कधी पडते ते बघा, माझ्या मते सगळ्या यादीत हेच खरं काम. टँकरच्या दिवशीच उडी मारते तर माल कमी आलाय किंवा वर सांगितला तो तापमानाचा खेळ. विक्रीबरोबर वाढते तर नोझल जास्त सोडतंय, पाच लिटरचं माप लावा, २५ मिलीपर्यंत इकडेतिकडे चालतं, पुढे नाही. पण चवथीला सगळे घरी बसले, विक्री निम्म्यावर आली आणि घट मात्र तेवढीच, तर टाकीवर संशय घ्या. रात्री शेवटच्या गाडीनंतर डिप, सकाळी पहिल्या गाडीआधी डिप, मधे एकही नोझल उचलायचं नाही, कळून येईल. सबमर्सिबल, म्हणजे टाकीत बुडवलेली मोटर, असेल तर लाईनची गळती यात सापडेलच असं नाही, ती मोटर चालू असताना होते, तिची प्रेशर टेस्ट वेगळी करून घ्या.

आता आपल्याकडची खास भानगड. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीच्या कडेला, किनाऱ्याजवळ पावसात पाणी इतकं वर चढतं की टाकी पाण्यातच बसते, आणि मग उन्हाळ्यात ज्या भोकातून पेट्रोल बाहेर जात होतं त्यातूनच बाहेरचं पाणी आत यायला लागतं. म्हणून जुलैत घट थांबली म्हणून खूश होऊ नका, रॉडला पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लावून पाणी बघा. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, ते थोडं पाणी पिऊन टाकतं आणि जास्त झालं की दोघं मिळून तळाला बसतात, साधी पेस्ट त्यावर नीट रंग बदलत नाही, इथेनॉलवाली मागवा. पावसात टाकी अगदी रिकामीही ठेवू नका, खालचं पाणी तिला वर उचलू शकतं. आणि जांभा दगड गळलेलं इंधन काही अडवून धरत नाही, घराघराला बांय, म्हणजे विहीर आहे. २०२३ मध्ये दाबोळी भागात विहिरीत इंधन उतरलं, ती पंपाची टाकी नव्हती, पाईपलाईन होती, पण विहिरीला काय फरक पडतो?

कागदांत पहिलं पेसोचं लायसन्स, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणारं केंद्राचं खातं, आपण अजून ज्यांना एक्सप्लोझिव्हवाले म्हणतो त्यांचं, फॉर्म चौदा, आणि त्याबरोबरचा मंजूर नकाशा. तो हातात धरून आवारात फिरा. लोक अडकतात ते इथेच, कॉम्प्रेसर हलवलेला असतो, जनरेटर सरकवलेला, मागे पत्र्याची शेड ठोकलेली, आणि पेट्रोलियम रूल्स २००२ प्रमाणे यातलं काही आधी मंजुरी घेतल्याशिवाय करता येत नाही, लायसन्स सस्पेंड होऊ शकतं. बाकी टाकीचं टेस्ट सर्टिफिकेट, कलेक्टरची एनओसी, मापाच्या स्टँपिंगचा कागद, तारखा तेवढ्या बघून घ्या.

टाकीतली वाफ बाहेर सोडणारा व्हेंट पाईप जमिनीपासून चार मीटर वर, तोंडाला जाळी शाबूत. वाळूच्या बादल्यांत वाळूच हवी, विड्यांची थोटकं नकोत. टँकर उतरवताना ठिणगी पडू नये म्हणून अर्थिंगची क्लिप कोण लावतो ते पोरांना विचारा, सगळे एकमेकांकडे बघत राहिले तर उत्तर मिळालं समजा.

त्रुटी लिहून मिळाल्या की दिलेल्या मुदतीत फोटो आणि रिपोर्टसकट उत्तर पाठवा, पोच घ्या. पण गळती तुम्हालाच सापडली तर तपासणीची वाट बघू नका, त्या टाकीची विक्री त्याच मिनिटाला बंद, फिल पॉइंटला, म्हणजे टँकरचा माल ओततात त्या तोंडाला कुलूप, कंपनी, पेसो आणि कलेक्टर ऑफिसला लेखी, आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या घरांत जाऊन सांगून या की विहिरीचं पाणी सध्या भरू नका.