मॅग्नेटाइट काळाच निघाला पाहिजे

मॅग्नेटाइट म्हणजे लोहाचे काळे, लोहचुंबकाला चिकटणारे ऑक्साइड; ते प्रयोगशाळेत बनवायची ही कृती. त्याच्या स्फटिकात लोहाची दोन उपजालके (लोहाच्या जागांचे एकमेकांत गुंतलेले दोन संच) असतात आणि त्यांची चुंबकत्वे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला उभी असतात. चतुष्फलकी जागांवर (भोवती चार ऑक्सिजन) फेरिक आयन (Fe³⁺), अष्टफलकी जागांवर (भोवती सहा) तितकेच फेरिक आणि शिवाय फेरस (Fe²⁺). दोन्हीकडचे फेरिक (प्रत्येकी 5 बोर मॅग्नेटॉन; हे अणूच्या चुंबकत्वाचे एकक) एकमेकांना पुरते खोडतात, मागे उरतो तो फेरसचा 4. लोहचुंबकाकडे ओढ आहे ती या उरलेल्या बाकीची. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेएल यांनी 1948 साली हा हिशेब मांडला आणि त्याला फेरीचुंबकत्व नाव दिले. म्हणून बीकरमध्ये जपायचे ते फेरसला.

प्रमाण: फेरिक क्लोराइड (सहा पाण्याचे, पिवळट खडे) 5.4 ग्रॅम, मोर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) 3.9 ग्रॅम. म्हणजे मोलमध्ये फेरिक-फेरस 2:1. बाटलीत निर्जल फेरिक क्लोराइड असेल तर 3.25 ग्रॅमच घ्या, तिथे 5.4 ग्रॅम घातले की प्रमाण 3:1 च्याही पुढे जाते आणि हाती तपकिरी चिखल लागतो.

फेरससाठी फेरस क्लोराइड वापरा असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले असते. ऐकू नका. उघडलेल्या बाटलीतले ते खडे हवेने हळूहळू फेरिक होत जातात. वजन बरोबर भरते, फेरस मात्र तितके नसते. मोर सॉल्ट पुष्कळ टिकते, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते असतेच. खडे फिकट हिरवे हवेत. पिवळट झाले असतील तर ती बाटली बाजूला ठेवा.

पाणी 10 मिनिटे खळखळून उकळा आणि झाकून गार करा. ही पायरी वेळखाऊ वाटते म्हणून गाळली जाते आणि घोटाळा तिथेच होतो. आम्लात फेरस बऱ्यापैकी तग धरतो, पण अमोनिया पडून पीएच चढला की विरघळलेला ऑक्सिजन त्याला झपाट्याने खातो. त्यामुळे मोर सॉल्ट अगदी शेवटी विरघळवा, दोन थेंब हायड्रोक्लोरिक आम्ल टाका, फेरिकच्या द्रावणात मिसळा आणि लगेच पुढे जा. एकूण पाणी 100 मिली. हवा दूर ठेवायला नायट्रोजनची सोय नसेल तर मोर सॉल्ट दहा टक्के जादा, म्हणजे 4.3 ग्रॅम घ्या.

आता ढवळत ढवळत 25 टक्क्यांचा अमोनिया 20 मिली, धुराच्या कपाटातच (फ्यूम हूड). थेंब थेंब सोडत बसू नका, मिनिटाभरात संपवा. पीएच 10 च्या आसपास हवा. द्रावण क्षणात काळेकुट्ट होते. मग झाकून 60 ते 70 अंशांवर अर्धा तास.

काळ्याऐवजी विटकरी रंग आला तर फेरस गेला. गोथाइटसारख्या लोहाच्या तपकिरी ऑक्सिहायड्रॉक्साइडात दोन्ही उपजालके तुल्यबळ, त्यामुळे बाकी जवळजवळ शून्य आणि लोहचुंबक ढिम्म. पण लोहचुंबकाला चिकटले म्हणजे मॅग्नेटाइटच, असेही धरू नका. मॅग्हेमाइट हे लोहाचे दुसरे ऑक्साइडही चिकटते: त्यात फेरस नसतो, पण अष्टफलकी जागांपैकी काही रिकाम्या राहूनही ती बाजू जड राहते. ते लालसर तपकिरी असते. निकाल रंगावर द्या.

बीकरखाली निओडिमियमचा चुंबक धरून वरचे पाणी ओता, असे चार-पाच वेळा. चुंबक पिशवीत गुंडाळलेला असू द्या, उघड्या चुंबकावरची भुकटी निघता निघत नाही. वाळवायचे तर 60 अंशांखाली. भट्टीत 200 च्या वर हवेत ठेवले की मॅग्हेमाइट झालेच. साठवायचे असेल तर उकळून गार केलेल्या पाण्याखाली, बाटली काठोकाठ भरून.